जामोवी: मॅनेजमेंटच्या पीएचडीवाल्यांसाठी फुकटातलं स्टॅटिस्टिक्स सॉफ्टवेअर, वापरून सांगतेय

स्टार द्यायचे तर पाचपैकी साडेचार. अर्धा कुठे कापला ते पुढे येईलच.

हा रिव्ह्यू कोणासाठी ते आधी सांगते. मॅनेजमेंटमध्ये पीएचडी करणारे, आणि त्यातही नोकरी सांभाळून करणारे, म्हणजे दिवसभर एमबीए कॉलेजात मार्केटिंगचे तास घ्यायचे, मधल्या वेळात नॅकच्या (कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेच्या) फायली भरायच्या, घरी येऊन पोरांचा अभ्यास घ्यायचा आणि रात्री साडेदहाला लॅपटॉप उघडून चॅप्टर चारकडे बघत बसायचं, असे जे कोणी आहेत त्यांच्यासाठी. चॅप्टर चार म्हणजे डेटा अ‍ॅनालिसिस. इंट्रोडक्शन, लिटरेचर रिव्ह्यू, मेथडॉलॉजी हे सगळं माणूस कसंही रेटून नेतो पण गाडी अडते ती इथे. आणि इथे अडली की पुढे दोनच रस्ते आहेत असं आपल्याकडे सगळ्यांनी जणू ठरवूनच टाकलंय. एक तर कोणाच्या तरी पेनड्राइव्हवरून आलेलं क्रॅक केलेलं एसपीएसएस (स्टॅटिस्टिक्सचं विकतचं सॉफ्टवेअर), नाहीतर मग 'डेटा द्या, आउटपुट घ्या'वाला माणूस.

त्या माणसाबद्दल जरा बोलतेच. असा माणूस प्रत्येक डिपार्टमेंटच्या ओळखीत असतो, त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर एक्सेल पाठवायची, पैसे टाकायचे, आणि आठ-दहा दिवसांनी वर्ड फाईल येते. पन्नास-साठ पानं टेबलं आणि प्रत्येक टेबलाखाली तेच एक वाक्य, पी व्हॅल्यू ०.०५ पेक्षा कमी आहे म्हणून नल हायपोथेसिस ('फरक नाही' हे गृहीतक) रिजेक्ट. दिसायला एकदम भारी. मी एका ओपन व्हायवाला, म्हणजे थिसिसच्या तोंडी परीक्षेला, नुसती ऐकायला बसले होते (ओपन असतो, कोणीही जाऊन बसू शकतं, पीएचडी करणाऱ्यांनी तर आवर्जून जावं), तिथे एक्स्टर्नल (बाहेरून आलेल्या परीक्षक) सरांनी इतकंच विचारलं की इथे लेव्हीनची टेस्ट सिग्निफिकंट आलीये, मग तुम्ही टी-टेस्टच्या टेबलातली वरची ओळ का वाचली, खालची का नाही? प्रश्न अगदी बेसिक आहे. टी-टेस्ट दोन गटांच्या सरासरीतला फरक तपासते, लेव्हीनची टेस्ट त्या गटांचं व्हेरियन्स, म्हणजे आकड्यांचा पसारा, सारखं आहे का ते बघते. ते सारखं नसेल तर एसपीएसएसच्या त्या टेबलात खालची ओळ वाचायची असते. पण समोरच्याने ते टेबल स्वतः काढलेलंच नव्हतं, त्यामुळे वर काय खाली काय, तो नुसता गाईडकडे बघत राहिला. डिग्री मिळाली त्याला, तो प्रश्न नाही. पण ती दहा मिनिटं बघवत नव्हती.

तर जामोवीबद्दल माझं मुख्य म्हणणं हेच आहे. फुकट आहे हा फायदा आहेच, पण खरा फायदा हा की ते इतकं सोपं आहे की अ‍ॅनालिसिस दुसऱ्याकडून करून घ्यायला काही कारणच उरत नाही.

थोडं बॅकग्राउंड. एसपीएसएस १९६८ सालचं आहे, तेव्हापासून सोशल सायन्सवाल्यांचं ते लाडकं. २००९ मध्ये आयबीएमने ते विकत घेतलं. मध्ये थोडा काळ त्याचं नाव पीएएसडब्ल्यू असं झालं होतं, त्यामुळे त्या सुमाराच्या थिसिसमध्ये 'पीएएसडब्ल्यू १८ वापरलं' असं दिसलं तर दचकू नका, ते तेच आहे. लायसन्स महाग असतं आणि छोट्या कॉलेजांना परवडत नाही, म्हणून मग पेनड्राइव्ह. गंमत अशी की एथिक्सचा कोर्सवर्क पेपर पास व्हायचा आणि क्रॅक सॉफ्टवेअरवर काढलेली टेबलं थिसिसमध्ये टाकून 'एसपीएसएसच्या साहाय्याने विश्लेषण केले' असं छातीठोक लिहायचं, यात कोणालाच काही वावगं वाटत नाही.

जामोवी २०१७ मध्ये आलं. ते बनवणारे लोक आधी जास्प नावाच्या सॉफ्टवेअरवर काम करत होते, जे अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठातून निघालंय आणि तेही फुकटच आहे. जामोवीच्या पोटात आर ही भाषा चालते, म्हणजे आकडेमोड आर करतं आणि आपल्याला वर माऊसने टिक करायच्या चौकटी दिसतात. ओपन सोर्स आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. डाउनलोड केलं, इन्स्टॉल केलं, झालं. सिरियल नंबर नाही, ट्रायल संपली नाही, 'अँटीव्हायरस बंद करून मग इन्स्टॉल करा' अशी युट्यूबवरची सूचना तर नाहीच नाही.

माझा विषय पुण्यातल्या छोट्या दुकानदारांनी यूपीआय कसं स्वीकारलं यावर आहे. यूपीआय २०१६ मध्ये आलं, आज भाजीवाल्याकडेही क्यूआर कोड असतो, पण दुकानदाराला त्यातून नक्की काय सोयीचं वाटतं, कशाची भीती वाटते, हिशोब बँकेत दिसतो म्हणून तो बिचकतो का, हे सगळं विचारायचं होतं. प्रश्नावली मराठीत केली, छापली आणि लक्ष्मी रोड, रविवार पेठ, तुळशीबाग असं फिरले. काही लोकांनी गूगल फॉर्म भरला, पण जास्त कागदावरच. पाच पॉइंटचा लायकर्ट स्केल, पूर्णपणे असहमत ते पूर्णपणे सहमत. दुपारी दोन ते चार जायचं हे शिकले, कारण त्या वेळेला गिऱ्हाईक नसतं आणि काका-काकू गप्पांना तयार असतात. त्या वेळेतही काहींची दुकानं बंद असतात हे पुण्यात वेगळं सांगायला नको.

डेटा एक्सेलमध्ये भरला, सीएसव्ही केली आणि जामोवीत उघडली. एसपीएसएसची फाईल असेल तर तीही थेट उघडते, लेबलांसकट, म्हणजे ज्यांचं अर्धं काम तिकडे झालंय त्यांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. उघडल्यावर पहिली गोष्ट दिसते ती प्रत्येक कॉलमच्या डोक्यावरचं छोटं चिन्ह. तीन गोळे म्हणजे नॉमिनल (नुसते प्रकार), तीन चढते दांडे म्हणजे ऑर्डिनल (क्रम असलेले), पट्टी म्हणजे कंटिन्युअस (मोजलेले आकडे). कोर्सवर्कमध्ये स्केल्स ऑफ मेजरमेंट हे आपण पाठ केलेलं असतं, इथे ते डोळ्यासमोर दिसतं, आणि चुकीच्या प्रकारचा कॉलम चुकीच्या टेस्टमध्ये ओढायला गेलात तर बऱ्याचदा तो आत घेतच नाही. गूगल फॉर्मवाल्यांनो, एक लक्षात ठेवा, तिथून उत्तरं शब्दांत येतात, ती आकड्यांत बदलून घ्या, जामोवीत ट्रान्सफॉर्म म्हणून सोय आहे, एकदा नियम लिहिला की तोच सगळ्या कॉलमना लावता येतो.

आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. प्रश्नावली भरताना काही लोक काय करतात, सगळीकडे ३ वर टिक. किंवा सगळीकडे ४. वाचतच नाहीत, ताई उभी आहे, लवकर भरून कटवा, एवढाच हेतू. त्यांचा दोष नाही, माल उतरवायला टेम्पो आलाय आणि मी विचारतेय की 'परसीव्ह्ड रिस्क'बद्दल, म्हणजे वाटणाऱ्या धोक्याबद्दल, तुमचं मत काय. पण असे फॉर्म डेटात राहिले तर सगळंच गुळगुळीत होऊन जातं. मी एक कॉम्प्युटेड कॉलम केला, प्रत्येक माणसाच्या सगळ्या उत्तरांचं स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे उत्तरं किती पसरलीयत त्याचं माप. जिथे शून्य आलं तिथे एकच आकडा सगळीकडे आहे. मग फिल्टर लावला, शून्यवाले बाहेर. फिल्टर लावलेल्या ओळी पुसल्या जात नाहीत, फक्त हिशोबातून बाजूला होतात, कधीही परत आत घेता येतात, आणि फिल्टर बदलला की आधी काढलेली सगळी टेबलं आपोआप नव्याने मोजली जातात. हे शेवटचं वाक्य परत वाचा. एसपीएसएसमध्ये डेटा बदलला की प्रत्येक टेस्ट परत चालवायची, जुनं आउटपुट कुठलं नवीन कुठलं यात गोंधळ, आणि मग थिसिसमध्ये एका टेबलात एन (किती माणसं मोजली तो आकडा) वेगळा आणि दुसऱ्यात वेगळा. इथे तो प्रकारच होत नाही.

रिलायबिलिटीची खिडकीही छान आहे. क्रॉनबॅक अल्फा (प्रश्न एकमेकांशी किती जुळतात त्याचं माप) सगळ्यांना माहीत असतो, ०.७ च्या वर पाहिजे हेही, पण प्रश्नावलीत दोन-तीन प्रश्न उलटे असतात ना ('यूपीआयमुळे माझं काम वाढलं' टाइप), ते उलटवून घेतले नाहीत तर अल्फा धाडकन खाली येतो आणि माणूस रडकुंडीला येतो. जामोवीत त्याच खिडकीत 'रिव्हर्स स्केल्ड आयटम्स'चा खण आहे, प्रश्न इकडून तिकडे ओढा, झालं. कुठला प्रश्न काढला तर अल्फा किती होईल तेही एका टिकवर येतं. शेजारी ओमेगा या तशाच दुसऱ्या मापाचीही टिक आहे, हल्ली चांगल्या जर्नलांचे रिव्ह्यूअर तो मागतात.

टी-टेस्टची खिडकी बघितली तर स्टुडंट (नेहमीची), वेल्च (व्हेरियन्स सारखं नसताना), मॅन-व्हिटनी (डेटा नॉर्मल नसताना) तिन्ही एकाखाली एक, खाली नॉर्मॅलिटी, व्हेरियन्स सारखं आहे का ते, आणि इफेक्ट साइझ, म्हणजे फरक केवढा मोठा आहे ते. वन-वे अनोव्हात (दोनपेक्षा जास्त गटांची तुलना) तर वेल्च आधीपासूनच टिक केलेलं असतं. म्हणजे वर तो व्हायवातला प्रश्न सांगितला, त्याचं उत्तर तुम्ही टेस्ट काढतानाच शोधलेलं असतं. इफेक्ट साइझचं तर मी म्हणेन की ती टिक कम्पल्सरी करायला पाहिजे. सॅम्पल मोठा असला की बारीकसा फरकही सिग्निफिकंट येतो, पुरुष दुकानदार आणि स्त्री दुकानदार यांच्या सरासरीत दशांशाच्या दुसऱ्या घरात फरक आणि आपण निष्कर्षात लिहितो 'लक्षणीय फरक आढळला'. लक्षणीय कसला, दुकानात जाऊन बघा, कोणाला जाणवणार पण नाही.

सॅम्पलवरून आठवलं, ३८४. मॅनेजमेंटचे थिसिस चाळलेत तर हा आकडा इतक्या वेळा भेटतो की वाटतं महाराष्ट्रात दर सर्वेला बरोबर ३८४ माणसंच सापडतात. तो येतो क्रेजसी आणि मॉर्गन यांच्या १९७० च्या टेबलातून, खूप मोठी लोकसंख्या, ९५ टक्के कॉन्फिडन्स, ५ टक्के इकडे-तिकडे चालेल असं धरलं की ३८४. पण त्यात रँडम सॅम्पलिंग गृहीत आहे. आपण मेथडॉलॉजीत एका ओळीत लिहितो कन्व्हिनियन्स सॅम्पलिंग (जे सोयीने भेटले ते) आणि पुढच्याच ओळीत ३८४ चं टेबल दाखवतो, आणि कोणी काही बोलत नाही. जामोवीत जेपॉवर नावाचं मॉड्यूल टाकता येतं, तिथे उलटा विचार करायला लागतो की मला केवढा फरक पकडायचाय. दोन गटांत मध्यम फरक, म्हणजे कोहेनचा डी ०.५, पकडायचा असेल आणि पॉवर (असलेला फरक पकडला जाण्याची शक्यता) ०.८ हवी असेल तर प्रत्येक गटात ६४ पुरतात. तोच फरक छोटा, ०.२ चा, असेल तर प्रत्येक गटात ३९४ लागतात. हे कळल्यावर ३८४ हा काही देवाने दिलेला आकडा नाही हे आपोआप कळतं. तरी मॅडमना (माझ्या गाईड) हे पटवायला दोन मीटिंग गेल्या, आणि शेवटी दोन्ही लिहायचं ठरलं, टेबल पण आणि पॉवर पण. पीएचडीत असंच असतं, अर्धं शास्त्र आणि अर्धं सांभाळून घेणं.

फॅक्टर अ‍ॅनालिसिस (बऱ्याच प्रश्नांमागचे मोजके घटक शोधणं) जिथे करायचंय त्यांनी इथे जरा थांबून वाचा कारण इथे बरेच जण गोंधळतात आणि मग सॉफ्टवेअरला शिव्या देतात. एसपीएसएसमध्ये काही न बदलता फॅक्टर अ‍ॅनालिसिस चालवलं तर खरं तर प्रिन्सिपल कॉम्पोनंट चालतं आणि आयगेनव्हॅल्यू (फॅक्टर डेटातला किती फरक समजावतो तो आकडा) एकच्या वर असलेले फॅक्टर घेतले जातात, वर आपण सवयीने व्हॅरिमॅक्स (फॅक्टर एकमेकांपासून स्वतंत्र धरणारं रोटेशन) लावतो. जामोवीत एक्सप्लोरेटरी फॅक्टर अ‍ॅनालिसिस आणि प्रिन्सिपल कॉम्पोनंट हे दोन वेगळे पर्याय आहेत, आणि पहिल्यात फॅक्टर किती ते पॅरलल अ‍ॅनालिसिसवरून ठरतं, रोटेशन ऑब्लिमिन (फॅक्टरांना एकमेकांशी संबंधित असू देणारं) असतं. त्यामुळे तोच डेटा, तेच प्रश्न, आणि तिकडे पाच फॅक्टर आले तर इकडे तीन. कोण खोटं बोलतंय? कोणीच नाही, दोघं वेगवेगळी गोष्ट मोजतायत. उलट आजकालचे संशोधक जामोवीच्या बाजूने आहेत, आयगेनव्हॅल्यू एकचा नियम जरुरीपेक्षा जास्त फॅक्टर काढतो हे बऱ्याच आधीपासून माहीत आहे, आणि मानवी मतांचे फॅक्टर एकमेकांशी अजिबात संबंधित नाहीत हे व्हॅरिमॅक्सचं गृहीतक दुकानदारांच्या बाबतीत तर हास्यास्पदच आहे, ज्याला सोय वाटते त्याला भरवसाही वाटतोच ना. पण तुमच्या गाईडना जुनीच पद्धत हवी असेल तर तेही बदलता येतं, दोन क्लिकचं काम आहे. फक्त थिसिसमध्ये काय केलं ते नीट लिहा. केएमओ आणि बार्टलेट (डेटा यासाठी योग्य आहे का ते तपासणारे आकडे) याच खिडकीत आहेत. कन्फर्मेटरी (आधी ठरवलेली रचना डेटाला बसते का ते बघणारं) पण आहे, सीएफआय, टीएलआय, आरएमएसईए हे ती किती बसते ते सांगणारे आकडे सगळे देतं.

बारीकसारीक गोष्टी ज्यांनी जीव वाचतो: टेबलं आधीच एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन) पद्धतीत येतात, राइट क्लिक करून कॉपी केलं की वर्डमध्ये टेबल म्हणूनच पडतं, चित्र म्हणून नाही. आउटपुटच्या मध्येमध्ये आपल्या नोंदी लिहिता येतात. डेटा, अ‍ॅनालिसिस, नोंदी सगळं एकाच फाईलमध्ये सेव्ह होतं. मी ती फाईल मॅडमना मेल करते, त्या त्यांच्या लॅपटॉपवर उघडतात, टेबलावर क्लिक केलं की ते काढताना काय काय टिक केलं होतं ते सगळं परत समोर येतं. पहिल्यांदा त्यांनी हे बघितलं तेव्हा म्हणाल्या, "अगं मग आता तुला काही लपवताच येणार नाही." चेष्टेत म्हणाल्या पण खरं आहे. आर शिकायचं असेल तर सिंटॅक्स मोड चालू करा, प्रत्येक टेबलाच्या वर त्याचा कोड दिसतो.

'युनिव्हर्सिटी चालवून घेते का?' हा प्रश्न मला प्रत्येकजण विचारतो. पीएचडीचे यूजीसीचे २०२२ चे नियम आहेत त्यात सॉफ्टवेअरचं नावगाव काही नाही. रिसर्च अ‍ॅडव्हायजरी कमिटीसमोर दर सहा महिन्यांनी प्रेझेंटेशन द्यावं लागतं, तिथे एका सरांनी 'हे काय नवीन' असं विचारलं, मी सांगितलं की आतून आर आहे, आणि आर म्हटल्यावर ते गप्प झाले, कारण आरचा दबदबा आहे. नावाचा धाक आपल्याकडे लॉजिकपेक्षा जास्त चालतो, तो वापरून घ्यायचा.

आता कापलेला अर्धा स्टार. मॅनेजमेंटमध्ये सध्या स्ट्रक्चरल इक्वेशन मॉडेलिंगची (कशाचा कशावर परिणाम होतो ते एकाच मॉडेलात तपासणं) साथ आलीये, प्रत्येकाला मॉडेलचं चित्र पाहिजे, गोल आणि चौकोन आणि बाण. जामोवीत त्यासाठी एसईएमएलजे नावाचं मॉड्यूल वेगळं टाकावं लागतं, काम करतं, चित्रही देतं, पण एमॉस या सॉफ्टवेअरसारखं माऊसने बाण ओढत मॉडेल काढायची मजा नाही. आणि ज्यांना पीएलएसच (याच मॉडेलिंगची दुसरी पद्धत) करायचंय ते शेवटी स्मार्टपीएलएसकडेच जातात, त्याची विद्यार्थ्यांसाठीची फुकट आवृत्ती १०० ओळींपर्यंतच चालते, तेवढ्यात आपलं भागत नाही. दुसरं, प्रत्येक टिकला परत मोजणी होते हे मी वर कौतुकाने सांगितलं, पण मीडिएशनला (मधल्या घटकातून होणारा परिणाम) बूटस्ट्रॅप (त्याच डेटातून परत परत सॅम्पल काढून मोजणं) लावलं की जुन्या लॅपटॉपवर पंखा घरघरायला लागतो आणि एक टिक चुकली तर परत तेवढाच वेळ. अशा वेळी सगळ्या टिका आधी ठरवून घ्यायच्या. तिसरं, काय-स्क्वेअरमध्ये (दोन नॉमिनल गोष्टींचा संबंध तपासणारी टेस्ट) एक्स्पेक्टेड काउंट पाचच्या खाली गेलेत का ते स्वतः टिक करून बघायची सवय लावा.

फायनान्सवाल्यांनी मात्र यात पडू नये. दहा वर्षांचा, पन्नास कंपन्यांचा पॅनेल डेटा, फिक्स्ड इफेक्ट, हॉसमन टेस्ट असलं काही असेल तर ग्रेटल बघा, तेही फुकट आहे, दिसायला जुनाट आहे पण त्याच कामासाठी बनलंय. आणि ज्यांना बेझियन करायचंय त्यांना जास्प जास्त बरं, फक्त तिथे बरीच वर्षं डेटा आतल्या आत दुरुस्त करायची सोय नव्हती, म्हणून मी तेव्हा सोडलं ते सोडलंच.

डाउनलोड करताना दोन आवृत्त्या दिसतात, सॉलिड (स्थिर झालेली) आणि करंट (सगळ्यात नवी). थिसिस चालू असेल तर सॉलिड घ्या आणि सबमिशन होईपर्यंत अपडेटच्या नादी लागू नका, मधेच आवृत्ती बदलली तर मेथडॉलॉजीत कुठला नंबर लिहायचा इथपासून प्रश्न. ब्राउझरमध्ये चालणारी क्लाउड आवृत्तीही आहे, फुकटात मर्यादित, कॉलेजच्या लॅबमध्ये काही इन्स्टॉल करू देत नसतील तर प्रॅक्टिकलपुरती चालून जाते. मी एमबीएच्या मुलांना बिझनेस रिसर्चच्या तासाला तीच उघडून देते. आउटपुटच्या अगदी खाली जामोवी स्वतःच आपला आणि वापरलेल्या पॅकेजांचा संदर्भ लिहून देतं, तो तसाच उचलून थिसिसच्या संदर्भसूचीत टाका, एक्स्टर्नल बघतात ते.